चौथ्या दाराचं अस्तर

पंचफुला, त्या दुपारी आपण ओसरीत कापूस निवडत बसलो होतो. आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. तुझ्या मांडीवर सूप, सुपात कापूस, अन् पुढ्यात शेठच्या मोटारीचं चौथं दार. दार म्हणजे खरं दार नव्हे. मोटारीच्या दाराला आतून जी फळी बसवतात, तिच्यावर कापसाची पातळ गादी अन् वरून रेक्झिन, ते. आपण त्याला अस्तर म्हणायचो. तीन झाली होती, चौथं अर्धं शिवून तू थांबली होती, कारण कापूस कमी पडला. सरकी वेचून बाजूला टाकत होती अन् चामड्यावरून माझ्याशी भांडत होती. हात चालू, तोंडही चालू.

"तुमाले चालते का नाई, तेवढं सांगा."

"शेठले पायजे."

"शेठचं नाई इचारलं म्या. तुमचं इचारलं."

"पाहू."

"पाहू, पाहू. पाहू पाहू करत डोये गेले तुमचे."

मग तू सूप भिंतीला टेकवलं अन् चहा करायला उठली. तो आपण मुकाट्यानं प्यालो. साखर जास्त झाली होती, पण बोललो नाही, नाहीतर त्यावरूनही भांडण झालं असतं. आता वाटतं, झालं असतं तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या छातीत कळ आली, अन् टांगा दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत तू नव्हती. त्यातलं बाकीचं मी लिहीत नाही. दिग्रसच्या अर्ध्या गावाला ते माहीत आहे, अन् तुला तर आहेच.

लिहायची मला सवय नाही. फळीची मापं लिहितो तेवढंच. पण तू विचारलेलं तसंच राहिलं, अन् ते घरात फिरत असतं.

घरात आता दारंच दारं आहेत. तीन पुरी, एक अर्धं, भिंतीला टेकून उभी. मोटार शेठच्या बंगल्यावर अन् दारं माझ्याकडं. ज्या दारांच्या मागं काहीच नाही अशी दारं माणसानं घरात ठेवू नयेत, हे मला आता कळलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी रेक्झिनवरून उजेड सरकतो, तेव्हा वाटतं आतून कोणी निघालं. मी मान वर करत नाही. मान वर केली की नुसती भिंत दिसते, अन् ते जास्त वाईट.

शिवाय ते टकटक. फळी घ्यायची झाली की तू बोटाच्या पेरानं ठोकायची अन् कान लावायची. भरीव वाजली तर ठेवायची, पोकळ वाजली तर परत. लाकडाच्या वखारीतला माणूस हसायचा तुला. आता दारांची ती तेल पाजलेली फळी उन्हानं तापते अन् आपोआप वाजते. मला ठाऊक आहे का वाजते ते, मी काही खुळा नाही. पण एकदा भर दुपारी वाजली अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, हेच घेतो." समोर कांता भाकर थापत होती. आपली पोरगी पुसदहून आली ती अजून परत गेली नाही, माझ्यासाठी थांबली. तिनं हात थांबवला.

"बाबा, कोनाशी बोलता?"

"फळीशी."

"अन् फळी काय म्हनते?"

"काई नाई. तिले घेतो म्हटलं."

त्या दिवसापासून मी ओसरीत असलो की ती आतून काहीतरी बोलत राहते. भाजीचं, पाण्याचं, सासूचं. घरात आवाज राहावा म्हणून. तुझ्यासारखीच हुशार आहे. कळू देत नाही.

काल मात्र मी तिच्यावर ओरडलो. चौथ्या दारात तुझी सुई तशीच टोचलेली आहे, दोरा ओवलेला. कांताला माझ्या सदऱ्याचं बटण लावायचं होतं, तिनं सरळ सुईला हात घातला. मी असा ओरडलो की शेजारचा बकराही उठून उभा राहिला. "सुईच तर हाय बाबा!" म्हणाली, अन् रडली. मग मीच पेटीतून दुसरी काढून दिली अन् माझं बटण मीच लावलं, वाकडं.

तुला आठवते पहिली मोटार? कंत्राटदाराची. मी नागपुरातल्या गॅरेजात हात शिकून आलो होतो अन् फार मिजाशीत होतो. अस्तर भरायला कापूस पाहिजे, तर जिनाच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागं पडलेला आणला, तसाच भरला, सरकीसकट. वरून टाके घातले, बटणं लावली. दार असं दिसत होतं की कंत्राटदार हात फिरवत राहिला. पंधरवडा नाही झाला तर तो दुकानासमोर येऊन उभा.

"मिस्त्री, दारात उंदीर भरून देल्ले काय?"

सरकीच्या वासानं उंदरांनी फळी कुरतडून आत घर केलं होतं. पुसदच्या घाटात एक उंदीर निघून त्याच्या बायकोच्या मांडीवर बसला. त्या बाईनं चालत्या मोटारीत पाय वर घेतले म्हणे. मी खाली पाहून उभा होतो. तू आतून म्हणाली, "उंदराचे येगळे पैशे नाई घेतले जी आमी." कंत्राटदार हसला, अन् हसला म्हणून वाचलो. कापसाच्या मुलखातली माणसं आपण, अन् आपल्यालाच कळलं नाही की सरकी खायची वस्तू आहे. त्या दिवसापासून कापूस तू घेतला हातात. मग फळी घेतली. मग रेक्झिनही. लोक माझ्या दुकानात यायचे अन् माल तू पसंत करायची, हे अर्ध्या गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तुझी पसंती म्हणजे एक छळच होता. रेक्झिनचा कोपरा दातानं चावायची. उलटं करून मागचं कापड ओढून पाहायची. पांढरं फडकं ओलं करून घासायची, रंग उतरला तर दुकानदाराच्या तोंडावर ते फडकं धरायची. अन् उरलेलं पत्र्यावर उन्हात. वैशाखातल्या उन्हात ज्याला तडा गेला नाही तेच आपल्या घरात येणार. यवतमाळचा व्यापारी मला म्हणाला, मिस्त्री, तुमच्या बाईले माल दाखवण्यापेक्षा पोरगी दाखवणं सोपं.

फळीचंही तसंच. मी म्हणायचो प्लायवूड चांगलं. तू म्हणायची, काचेवरचं पाणी दारात उतरते, फळीचे पाय ओले होतात, वरून काय पाहता, पाय पाहा. मग जवसाचं तेल तापवून फळीच्या खालच्या कडेला पाजायचं. एकदा, मग वाळलं की पुन्हा. सगळं घर त्या तेलाच्या वासानं भरायचं. आजही वास येतो. तेलाची बाटली मी उघडलेली नाही, बूच लावून कोनाड्यात आहे. तरी वास येतो, अन् दुपारी जास्त येतो. कांताला येत नाही. मी तिला विचारणं सोडलं.

मी एकदा म्हटलं, लोक सीट पाहतात, दाराला कोण पाहते? तर तू म्हणाली, "सीटवर माणूस बसते. पन झोप लागली का डोस्कं दारालेच टेकते. लेकरू दारालेच तोंड लावते." त्यानंतर मी कोणतंही अस्तर शिवलं की आधी स्वतःचं कपाळ टेकवून पाहतो. हे कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. लाज वाटायची.

आता चामड्याचं.

ते तुझ्यात अन् माझ्यात कधी मिटलं नाही. तुझ्या बापाकडं गावचं मेलेलं ढोर ओढायचं काम होतं. तू परकरात होती तेव्हापासून मागं चालायची. तू त्यातलं फार कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली होती एकदा, भाकर खाता खाता, "ढोर त्यायचं, वास आमचा." अन् पुढचा घास घेतला होता. मग ट्रकमध्ये उभं राहून आपण नागपूरला गेलतो, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, दीक्षा घेऊन आलो. वस्तीनं ठरवलं, मेलेलं ओढायचं नाही, सोलायचं नाही, घरात आणायचं नाही. तुझ्या बापानं ओढायचा दोर वस्तीच्या विहिरीवर नेऊन दिला, पाणी काढायला. तू त्याला मिठी मारली होती सगळ्यांसमोर. तेवढं मी पाहिलं आहे.

मी तेव्हा हात वर केला होता, तुझ्यासंगंच. पण धंदा सुरू झाला अन् माझं डोकं वेगळं चालू लागलं. मी म्हणायचो, हे कमावलेलं चामडं आहे, रंगवलेलं, लांबच्या शहरातून आलेलं. आपण सोललं नाही, ओढलं नाही. वास कुठं आहे त्याला?

"त्याले नाई वास. मले हाय."

"मंग पायात काय घालतं? कापसाची चप्पल हाय का?"

हे मी बोललो ते वाईटच बोललो. दुसऱ्या दिवशी तू बाजारातून टायरची चप्पल आणली अन् माझ्यासमोरून फटक फटक वाजवत दिवसभर फिरली. विहिरीवर गेली तरी मला दुकानात ऐकू येत होतं. मरेपर्यंत तीच घातली.

मग मी एक सोपी वाट काढली. गिऱ्हाईक चामडं म्हणालं की मी हसून म्हणायचो, "आमच्या बाईले चालत नाई जी." गिऱ्हाईकही हसायचं. बायकोला भितो म्हणून माझी थट्टा व्हायची, ती मी चालवून घ्यायचो, कारण मला काही ठरवावं लागत नव्हतं. तू आतून ऐकायची. गिऱ्हाईक गेलं की बाहेर यायची.

"म्या काय तुमच्या दुकानाची पोलीस हाव? तुमाले चालते तर आना. नाई चालत तर मले नाई चालत म्हना. माह्या पदराआड काहून लपता?"

मी म्हणायचो, पाहू.

खोटं काहून बोलू, पंचफुला? चामडं चांगलंच असतं. शेठची गाडी विलायती, तिची जुनी अस्तरं मी काढली तेव्हा खालचं चामडं टाक्याजवळ तेवढं फाटलं होतं, बाकी मऊ, हाताला जिवंत. आपलं रेक्झिन कितीही चावून घेतलं तरी इथल्या दोन-चार उन्हाळ्यांत हार मानते. हे तुलाही माहीत होतं.

शेठनं आधी रेक्झिनच सांगितलं होतं. तांबड्या मातीच्या रंगाचं, तूच निवडलं. तीन दारं झाली अन् त्याचा जावई कानपूरहून चामड्याची गुंडाळी घेऊन आला. शेठनं बोलावून सांगितलं, रेक्झिन उसवा, हे लावा. अन् मी, या वेळी तुझं नाव न सांगता, होईल म्हणालो. शेठसमोर मला बायकोचं नाव सांगायची लाज वाटली, बाकी काही नाही. तू ऐकलं अन् चौथं दार रेक्झिननंच शिवायला घेतलं. उसवायचं सांगितलेलं तू पुढं शिवून राह्यली होती. असं भांडण मी कुठं पाहिलं नाही.

पण एक गोष्ट मी पाहिली अन् तुला कळू दिली नाही. गुंडाळी आली त्या दिवशी मी मागच्या दारानं येत होतो. तू खाली बसून ती चार बोटं उलगडली होती. त्यावर तळहात ठेवला होता. घासत नव्हती, ओढून पाहत नव्हती. नुसता ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठली, राखेनं हात धुतला, अन् चूल पेटवायला लागली.

काय आठवलं तुला? बाप आठवला का? का तुझ्या हाताला कळलं की माल एक नंबर आहे? मला वाटतं तुला कळलं होतं. म्हणूनच तू एवढी भांडली. वाईट असतं तर फेका म्हणून मोकळी झाली असती. विचारायला पाहिजे होतं मी. चहा पिताना विचारता आलं असतं.

परवा रहमानभाई आला. शेठचा ड्रायव्हर. मातीला आला होता तो, खांदाही दिला. ओसरीत बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं.

"शेठची कोहनी जल गई, मिस्त्री. दारात नुसता लोखंड हाय ना. सवयीनं हात ठेवते खिडकीवर, अन् चटका बसला का शिव्या मले. जैसे मैंने सूरज को बुलाया!"

मी हसलो. तू गेल्यावर पहिल्यांदा. मग तो दारांकडं पाहत म्हणाला, "शेठ इचारून राह्यले, चमड़ा कब लगेगा. मैंने बोला, मिस्त्री का घर अभी..." थांबला. मग बोलून गेला, "अब तो लगा दो ना भाई. अब रोकनेवाली..."

तोंडावर हात ठेवला त्यानं. चांगला माणूस आहे, मनात काही नव्हतं. टोपी घातली, काढली. मी म्हणालो, "उद्या सकाळी मीच येतो शेठकडं."

तो गेल्यावर मी टाके उसवायची पट्टी घेतली. खरं सांगतो. पहिल्या दारापुढं बसलो. भांडणात मी जिंकलो होतो, समोर कोणी नव्हतं. वरच्या कडेचा पहिला टाका पाहिला. तुझे टाके बारीक, मागच्या टाक्याच्या पोटात पुढचा. पट्टी त्याच्याखाली जातच नव्हती, एवढं घट्ट ओढलेलं. जोर लावला असता तर गेली असती. अन् फळी वाजली. या वेळी मी उत्तर दिलं नाही. मागं पाहायची हिंमत नव्हती, कारण तू मागं उभी आहे हे मला पक्कं वाटलं, हात पुसत, अन् विचारून राह्यली आहे. तेच. शेठचं नाही, तुमचं.

कांता आतून बाहेर आली. पट्टी पाहिली. आजकाल ती मला टोकत नाही, पण या वेळी बोलली.

"आईचं आईसंगं गेलं बाबा. तुमाले करायचं तर करा, कोनी काई म्हननार नाई."

"तेच तर."

"काय तेच?"

"कोनी काई म्हननार नाई, तेच."

पट्टी पेटीत ठेवली. जेवलो. झोपलो नाही.

सकाळी तोंड धुतलं, चहा नको म्हटलं, अन् गुंडाळी खांद्यावर घेऊन निघालो. जिनाच्या रस्त्यानं. सायकलवर बांधता आली असती, पण तशीच घेतली. वाटलं त्यापेक्षा जड निघाली, चालता चालता खांद्यावरून मानेवर सरकायची. वास नव्हता, मी नाक लावून पाहिलं. पण समोरून धोतर सावरत एक माणूस येत होता, तो माझ्याजवळ आला अन् रस्त्याच्या पलीकडं झाला. त्याला घाई असेल. पलीकडं सावली होती, म्हणून गेला असेल. पण माझी मान खाली गेली, पंचफुला. एवढा म्हातारा माणूस मी, कोणाला न भिणारा, अन् बंगला येईपर्यंत ती मला वर करता आली नाही.

शेठ ओट्यावर दात घासत होता. रहमानभाई मोटार पुसत होता, दारं उघडी, आतून नुसता पत्रा.

"या मिस्त्री. लावलं?"

"नाई जी. वापस आनलं."

"काहून? खराब निघालं का? जावयानं फसवलं?"

"माल एक नंबर हाय. याच्यासारखं अस्तर दुसऱ्या कशाचं होत नाई."

"मंग?"

"आमच्या घरात चामडं चालत नाई."

शेठनं चूळ भरली, टाकली, तोंड पुसलं. "मले सांगितलं होतं लोकायनं. पन ते तुह्या बायकोचं होतं ना? आता घरात तू एकटाच."

"हो जी, एकटाच हाव. म्हनून मीच सांगून राह्यलो. मले चालत नाई."

रहमानभाईचा हात मोटारीवर थांबला होता. मग शेठ म्हणाला, "गाडी दुसरीकडं टाकावी लागंल मंग." मी म्हणालो, टाका जी, पण एकदा येऊन तीन दारं पाहून घ्या. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आत गेला.

मी गुंडाळी त्याच्या ओट्यावर ठेवली अन् घरी आलो.